कॉफीच्या डब्यातला ओक

विलोबेंड गावच्या नगरभवनासमोरचा ऐतिहासिक ओक पाडला आणि दुसऱ्याच दिवशी वारसा जतन समिती स्थापन झाली. झाड उभं होतं तेव्हा अशा समितीची गरज कोणाला भासली नव्हती. तेव्हा गाव, ओकची फळं गाड्यांच्या टपावर पडतात, या तक्रारीत गुंतलं होतं.

समितीने काम झपाट्याने केलं. बुंध्याचे बाक झाले, फांद्यांपासून कपाखाली ठेवायच्या चकत्या झाल्या, उरल्या तुकड्याचा सभेत आपटायचा हातोडा झाला. मोकळ्या जागेत, हा वारसा पाहायला येणाऱ्यांसाठी वाहनतळ झाला.

निवृत्त शिक्षिका आर्डिस टॉलेफसन जाहीर सभेला कॉफीचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात वीतभर रोप होतं, त्याच ओकच्या फळातून वाढवलेलं. गावाच्या दोन पिढ्या त्यांनी त्या झाडाखाली शिकवल्या होत्या. तिसरीला कुठे बसवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

"हे तिथेच लावू या," त्या म्हणाल्या.

महापौर ड्वेन त्यांचाच विद्यार्थी. तो आदराने उभा राहिला. "बाई, भावना पोचल्या. पण हे जिवंत आहे."

"म्हणूनच आणलंय."

"उद्या ते वाढेल, बाई. मग पाटी झाकली जाईल."

"कसली पाटी?"

"'येथे सावली होती.'"

समितीत विम्याचं पाहणारे गृहस्थ म्हणाले, "शिवाय पुढे कधीतरी ते ऐतिहासिक होणार. मग पाडावं लागणार. आत्ताच कशाला ओढवून घ्या?"

"ड्वेन, चौथीत तू त्याच झाडावर चढून बसलास आणि उतरता येईना म्हणून रडलास."

"ते बाकावर कोरून घेतलंय, बाई."

अखेर बाईंचा मान राखून ठराव झाला: रोप काशाच्या धातूत ओतून अजरामर करावं.

"आणि हे?" बाईंनी डबा जवळ ओढला.

"ते साच्यात जळून जातं, बाई. त्याशिवाय पानांच्या शिरा हुबेहूब येत नाहीत."

"मग मी नाही देत."

"आपण ते सभेपुढे ठेवलंत. आता तो वारसा आहे." ड्वेनने ओकचा हातोडा आपटला.

अनावरण जुलैत झालं. काशाचं रोप इतकं तापलं की 'हात लावू नये' अशी दुसरी पाटी लावावी लागली. गावकऱ्यांनी गार हवा चालू ठेवून गाडीतूनच भाषण ऐकलं आणि टाळ्यांऐवजी हॉर्न वाजवले.

"बाई, आम्ही कुठे बसायचं?" उन्हात उभ्या मुलांनी विचारलं. बाई रिकामा डबा धरून इकडेतिकडे पाहत राहिल्या.

तुम्ही हसताय, हसा. पण तुमच्या चौकाला ज्या झाडाचं नाव आहे, त्या झाडाच्या जागी आत्ता कोणाची गाडी उभी आहे, तेवढं एकदा खाली जाऊन बघून या. किल्ली सोबत न्या.