टिटवीची जोड नामंजूर

कल्पना करा, की तुम्ही अकरा वर्षांचे आहात. काही जण खरोखरच असतील, त्यांना फारसे कष्ट पडायचे नाहीत. तुमचं घर पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात आहे आणि तुम्ही मोबाईलवरच्या एका गेमची वाट बघताय. गेम अजून आलेला नाही. गेली दीड वर्षं त्याच्या नुसत्या बातम्या येताहेत, दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता एक. आता आणखी एक कल्पना करा. तुमच्या शेजारी ओट्यावर एक म्हातारा माणूस बसलाय. त्यानं आयुष्यभर कुस्तीचं मैदान पाहिलंय आणि डोळ्यांदेखत काही चुकीचं घडलं की त्याला गप्प बसता येत नाही.

जमलं? मग आता तुम्ही सायलीच्या जागी आहात, आणि शेजारी बसलेत ते तिचे आबा, सहादू वस्ताद.

वस्तादांचं काम जोड लावायचं. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो तेव्हा नगरपासून जामखेडपर्यंतच्या तालमींचे पैलवान येतात. कोणाची कुस्ती कोणाशी, हे वस्ताद ठरवतात. वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नाही. मान, मनगट आणि मांडी बघायची, पोराला चार पावलं चालायला लावायचं, की जोड ठरली. एकतीस वर्षांत त्यांनी लावलेल्या जोडीवर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं, आणि दुसऱ्यानं लावलेल्या जोडीवर बोट ठेवायची संधी त्यांनीही सोडलेली नव्हती.

गेमचं नाव होतं ‘सुपर सोळा’. बेंगळुरूची एक कंपनी तो बनवत होती. सोळा वेगवेगळ्या गेममधले सोळा लढवय्ये एकाच मैदानात आणायचे आणि त्यांच्या लढती लावायच्या, अशी त्यातली गंमत. सायलीनं हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा आबा लगेच म्हणाले, “म्हंजी हगामाच की. ज्यानं त्यानं आपापल्या तालमीचा पैलवान आनायचा.” तेव्हापासून दर शुक्रवारी आबाही चष्मा पुसून ओट्यावर बसू लागले. कोण पैलवान आला, कुठल्या तालमीचा, वजन किती, सगळं विचारायचे.

सोळाव्या जागेसाठी लोकांची मतं मागवली होती. सायलीनं दर महिन्याला एकाच नावाला मत दिलं होतं, टिटवी. एका जुन्या, छोट्या, कोणी फारसा न खेळलेल्या गेममधली ही मुलगी. तोंडावर पक्ष्याचा मुखवटा, कमरेला गोफण, वजन अडतीस किलो. वर्गातली पोरं हसायची. पण सोळावं नाव टिटवीचं आलं आणि त्या दिवशी सायलीनं गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन ते सांगितलं. ज्यांच्या घरी गेम खेळणारं कोणी नव्हतं त्यांनाही सांगितलं. भामाबाई, म्हणजे तिची आजी, म्हणाली, की पोरीला नोकरी लागली असती तरी एवढी घरं फिरली नसती.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या लढतीची बातमी आली. टिटवी विरुद्ध काळदगड.

काळदगड हा डोंगर फोडून निघालेला राक्षस होता. आबांनी त्याचं चित्र जवळ घेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं, आणि वजन विचारलं. सायली म्हणाली, चार टन.

“चार टन,” आबा म्हणाले. “म्हंजी उसाच्या दोन भरल्या बैलगाड्या. त्या एका पोरीच्या अंगावर घालनार. ही जोड लावली कोनी?”

सायलीनं सांगितलं, की कंपनीनं लावली. आबांनी विचारलं, की कंपनीत पंच कोण आहे. तिला ते माहीत नव्हतं. मग आबांचा पारा चढला. मैदान भरवायचं, गावोगावचे पैलवान बोलवायचे, आणि जोड बघायला एक जाणता माणूस ठेवायचा नाही, ही कुठली रीत? असलं त्यांच्या मैदानात झालं असतं तर टिटवीच्या वस्तादानं भर मैदानातून तिला दंडाला धरून बाहेर नेलं असतं. पण टिटवीला इथं कोणी वस्तादच नाही. तेव्हा ते काम कोणीतरी करायलाच हवं होतं.

त्यांनी मजकूर सांगितला आणि सायलीनं तो बातमीखाली जशाचा तसा लिहिला: ‘मी सहादू वस्ताद. एकतीस वर्षं जोडी लावतो. टिटवी आणि काळदगड ही जोड नामंजूर आहे. ही कुस्ती होणार नाही.’

“नक्की टाकू का, आबा?”

“टाक. आक्षेप मैदानातच घ्यायचा असतो. घरी बसून कुरकुर करायची नसती.”

आता, जे गेम अजून आलेलेच नाहीत त्यांच्या बातम्या देणारी काही माणसं असतात. त्यांच्याकडे बातमी छोटी असते आणि आठवडा मोठा. त्यांच्यातल्या एकानं आबांच्या मजकुराचं मोबाईलकडून इंग्रजी करून घेतलं आणि रविवारी सकाळी जाहीर केलं, की कंपनीत एकतीस वर्षं लढती ठरवणाऱ्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यानं टिटवीची लढत रद्द केली आहे. कंपनी सुरू होऊन नऊच वर्षं झाली होती, पण वजाबाकी कोणी करून पाहिली नाही. दुपारपर्यंत दुसऱ्यानं सांगितलं, की लढत रद्द म्हणजे टिटवीच रद्द. संध्याकाळी तिसरा म्हणाला, की हे तर त्याला आधीपासून ठाऊक होतं.

मजकूर सायलीच्या वडिलांच्या, संदीपच्या, खात्यावरून गेला होता. सोमवारी शुगर फॅक्टरीत पाळीवर असताना त्याच्या मोबाईलवर साडेचार हजार निरोप आले. निम्मे शिव्यांचे होते आणि निम्मे नोकरी मागणारे. त्यानं घरी फोन करून एवढंच विचारलं, की टिटवी कोण, आणि आपण तिचं काय केलंय.

मंगळवारी, शुक्रवार नसतानाही, कंपनीची बातमी आली. सहादू वस्ताद नावाचं कोणीही आमच्याकडे काम करत नाही. मात्र टिटवीच्या सहभागावरून वाद झाल्यामुळे तिचं नाव तूर्त थांबवण्यात येत आहे. ती खेळणार की नाही, हे शुक्रवारी कळवू.

आबा पहिल्याच वाक्यावर खवळले. आपण कोणाच्या नोकरीत आहोत असं त्यांनी कधी म्हटलं होतं? जन्मात कोणाची नोकरी केली नाही आणि आता हे लोक नसलेल्या नोकरीवरून काढताहेत. ते बराच वेळ बोलत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की शेजारी कोणी ऐकत नाहीये. सायलीनं आपली सतरंजी उचलून अंगणाच्या पार पलीकडच्या कडेला टाकली होती आणि ती भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवत होती.

“घ्या,” भामाबाई म्हणाली. “पोरीनं दीड वर्ष वाट बघितली. तुमी चार दिवसांत उरकलं.”

“पैलवानाला काढा असं मी म्हनलोच न्हाई,” आबा म्हणाले. “जोड बदला म्हनलो. जोड चुकली म्हून पैलवानाला घरी धाडत्यात का कुटं? ह्या लोकांना काय कळतं का न्हाई?”

सायली भिंतीला म्हणाली, “तुमी लिहिलं नसतं तर काईच झालं नसतं.”

चूक स्वतःची निघाली, की आबांचा राग दुप्पट व्हायचा. पण या वेळी तो कोणावर काढायचा हेच त्यांना सुचेना. ते पायात चपला अडकवून निघाले.

मैदानात आक्षेप तोंडी घेता येतो, पण मागे घ्यायचा तर लेखी द्यावा लागतो, यात्रा कमिटीच्या कागदावर, शिक्क्यासह. हा नियम वस्तादांनीच केलेला होता. कमिटीचा अध्यक्ष कल्याण, त्याचं बसस्टँडसमोर खताचं दुकान. आबांनी कागद आणि शिक्का मागितला, तेव्हा कल्याणला वाटलं, की गेल्या यात्रेतल्या एखाद्या कुस्तीचं असेल. वस्तादांना प्रश्न विचारायची गावात पद्धत नव्हती. आबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘आमचा आक्षेप मागे घेत आहोत. टिटवी मैदानात राहील. जोड पंचांनी नीट बघून लावावी, पण पैलवानाला घरी पाठवू नये.’ खाली सही केली, शिक्का मारला आणि घरी येऊन कागद सायलीच्या वहीवर ठेवला. तिनं त्याचा फोटो काढला आणि टाकला.

कागदावर वरच्या बाजूला दोन पैलवानांचं चित्र होतं, आणि खाली अध्यक्षांचा मोबाईल नंबर.

बातम्या देणाऱ्यांना आठवडाभर पुरेल एवढा मजकूर मिळाला. कंपनीचा गुप्त कागद फुटला, त्यावर शिक्काही आहे, आणि मुख्य म्हणजे नंबर आहे. गुरुवारी सकाळी साडेदहाला कल्याण मोटारसायकल अंगणातच घालून उतरला.

“वस्ताद, सकाळधरनं एकोनचाळीस फोन,” तो म्हणाला. “युरियाचं एक गिऱ्हाईक मला घेता येईना. आत्ता एक जन इंग्रजीत रडत हुता. कोन हाय ही टिटवी?”

“अडतीस किलोची पोर हाय. तिला मैदानाबाहेर काढाया निघालेत.”

“मग मी काय करू?”

“सांग त्यान्ला, टिटवी राहनार म्हून.”

“मी कोन सांगनारा?”

“अध्यक्ष न्हाईस का तू?” आबा म्हणाले. “का नुस्ता फेटा बांधून घेन्यापुरताच हायेस?”

कल्याणनं मोटारसायकलच्या आरशात स्वतःकडे पाहिलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. त्यानं घसा साफ केला आणि फोन उचलला. आपण अध्यक्ष बोलतोय, टिटवी मैदानात आहे, जोडीचं बघतोय, काळजी नसावी. पलीकडच्याला मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण आवाजातला अध्यक्ष कळला असणार, कारण त्यानं आभार मानले. मग कल्याणनं दिवसभर हेच केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बातम्यांत छापून आलं, की अध्यक्षांनी स्वतः दुजोरा दिला आहे.

शुक्रवारी सहाच्या आधी तालमीच्या दारात पन्नासेक माणसं जमली. त्यातल्या पंचेचाळिसांना गेम म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण गावच्या शिक्क्याचा प्रश्न होता. सायली मधोमध पायरीवर बसली होती. तिचे हात इतके घट्ट आवळलेले होते, की मोबाईल संदीपनं धरला. आबा तिच्यामागे उभे होते.

बातमी आली. संदीपनं मोठ्यानं वाचली. खेळाडूंच्या आणि तिसगावच्या पंचमंडळींच्या भावना लक्षात घेऊन कंपनी जाहीर करते, की टिटवी खेळणार.

हलगी कोणी आणली होती कळलं नाही, पण ती वाजली. कल्याणनं हात वर करून लोकांना शांत केलं, कारण बातमी संपली नव्हती. पहिली लढत बदलण्यात आली आहे. टिटवीची लढत आता काळदगडाशी नसून पतंग्याशी होईल. पतंग्या म्हणजे हातात मांजा घेतलेला एक किडकिडीत पोरगा. वजन चाळीस किलो.

“अडतीसला चाळीस,” आबा म्हणाले. “ही जोड. आता बोला. जरा दम दिला की कंपनीलाबी कळतं. बघितलं का, सायले?”

सायली पतंग्याचं चित्र बघत होती. ती उठली. सगळ्यांना वाटलं, की ही आता आबांच्या पाया पडणार.

“ह्याला पाडून काय उपेग?” ती म्हणाली.

हलगी थांबली.

“दीड वर्ष मी तिला मत दिलं ते काय ह्याच्यासाठी? तिला काळदगडाला पाडायचं हुतं. तुमी मला इचारलंच न्हाई. तिलाबी कुनी इचारलं न्हाई. नुस्तं वजन इचारलं.”

आबांनी तिला समजावायला सुरुवात केली. ते शांतपणे, जसं तालमीतल्या नव्या पोरांना समजावत तसं, बोलले. ताकद कशी असते, चार टन म्हणजे काय, उगाच धाडस करून हाडं मोडलेली किती पोरं त्यांनी पाहिली.

“ती अंगावर जातच न्हाई, आबा,” सायली म्हणाली. “ती पायात शिरती. समोरचा जेवढा मोठा, तेवढी पायात जागा जास्त.”

आबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत मान, मनगट, मांडी सगळं पाहिलं होतं, पण दोन पायांच्या मधली जागा कोणी मोजायला सांगितली नव्हती. “पायात?” ते म्हणाले. “ते कसं काय?”

सायलीनं ओढणी काढून संदीपच्या हातात दिली आणि तालमीच्या मातीत उतरली. “या,” ती म्हणाली. “तुमी काळदगड.”

लोक बाजूला सरकले. आबा चपला काढून मातीत आले ते केवळ तिला हे कसं चालणार नाही ते दाखवायला. सवयीनं त्यांनी एकवार तिच्या मनगटाकडे पाहिलं, एकवार स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ती एकतीस किलो आणि ते ब्याण्णव. पन्नास माणसांकडे वळून त्यांनी हात वर केला आणि ही जोड नामंजूर असल्याचं जाहीर करायला तोंड उघडलं.

सायली तोवर खाली वाकून त्यांच्या पायांतून आत शिरली होती.