सोळा माणसांचा बंब

हाही हिवाळा मागच्यासारखाच गेला तर बोटीने रत्नागिरीला परतायचं, असं ठरवून बिल्कीसने ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. कुवेतमधल्या हवल्लीतल्या त्या दोन खोल्यांत जानेवारीचा वारा खिडकीच्या फटींतून शिरत असे आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला झोंबत असे. ट्रंकेची ठेच दुसऱ्यांदा लागल्यावर बदरुद्दीन बायकोला घेऊन फारूकच्या दुकानात गेला.

फारूक गावचाच, जुनं सामान विकायचा. खोली आणि पाणी एकदम तापवणारी दोन यंत्रं त्याच्याकडे होती, एक लहान, एक बरंच मोठं. खाली रॉकेलचा बर्नर, वर पाण्याची टाकी. तापलेलं पाणी नळीतून खोलीतल्या लोखंडी जाळीत फिरायचं.

"म्हंजे बंबच की," बदरुद्दीन म्हणाला.

"बंबच. पण विलायती."

"मग मोठा दे. आमच्या घरचा बंब सोळा माणसांचा होता."

"अवो, हितं आपण दोघंच," बिल्कीस म्हणाली. "धाकटा बरा."

"बंब कुणी धाकटा घेतं का? पाहुणे आले तर?"

"कुवेतला?"

मोठा बंब घरी आला. तो आत नेण्यासाठी न्हाणीचं दार काढावं लागलं. नंतर ते बसेना, म्हणून पडदा लावला.

टाकी मोठी, त्यामुळे पाणी तापायला फार वेळ लागे. तोवर दोघं स्वेटर घालून जाळीसमोर बसत. मग पाणी उकळून टाकी गुरगुरू लागे आणि खोली इतकी तापे की खिडक्या उघडाव्या लागत.

"पाणी वापरलं पायजे," बदरुद्दीन म्हणाला.

दोघांच्याही आंघोळी झाल्या होत्या. त्याने वरच्या मजल्यावरच्या यूनुस आणि कमालला बोलावलं. दोघे सडेफटिंग, टॉवेल घेऊन लगेच आले. दुसऱ्या दिवशी त्यांचे मित्र आले. जेवढं गरम पाणी बाहेर जाई तेवढंच गार पाणी टाकीत येई, आणि जाळी थंड पडे. शिवाय येणारा प्रत्येक जण दार उघडं टाकी.

"खोली तापवायला आणलात की हमाम काढायला?" बिल्कीसने विचारलं. "उन्हाळ्यापर्यंत थांबते. तवर ह्यो गेला नाय तर मी जाते."

गिऱ्हाईक मिळता मिळता जुलै उजाडला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आता उन्हाने इतकं तापे की नळाखाली हात धरवत नसे. फारूक गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा बदरुद्दीनच्या जिवात जीव आला. बिल्कीसने पाहुण्यांच्या हातावर तांब्यातून पाणी घातलं. फारूकने आधी एकच बोट पुढे केलं, मग दोन्ही हात.

"बर्फ घातलंस काय, भाबी?"

"बंबातलं हाय ते. मार्चपासून पेटवला कुठं? गच्चीवरचं पाणी ह्यात येतं नि न्हाणीच्या काळोखात निवत राहतं."

गिऱ्हाइकाने ताबडतोब खिशातून टेप काढली आणि पडदा सारून तो बंब मोजू लागला.

"राहू दे," बिल्कीस म्हणाली. "द्यायचा नाय. एवढं गार पाणी धाकट्यात मावणार हाय का?"

"आणि हिवाळ्यात?" बदरुद्दीनने हळूच विचारलं.

"हिवाळ्याला धाकटा घ्या. मी म्हणत होते तो."

दाराशी यूनुस आणि कमाल टॉवेल खांद्यावर टाकून ट्रंकेवर बसले होते.

"उठा जरा," ती त्यांना म्हणाली. "कपडे काढून घेते, मग ट्रंक न्हाणीपाशी सरकवा. नंबर लागेपर्यंत बसायला बरी पडंल."