होडीत माणसं किती?

"होडीत माणसं किती बसतात?" इंजिनवाल्याने विचारलं.

प्रश्न साधा होता, पण घड्याळजी अडले. इंजिनवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं की एकटा माणूस असेल तर त्यांच्या छोट्या शिडाच्या होडीला चार हॉर्सपॉवर खूप झालं. पण चारचं इंजिन कंपाउंडरकडे होतं. कंपाउंडरकडे आहे तेच घ्यायचं, तर मग वल्ही काय वाईट होती?

संध्याकाळी वारा पडला की तलावावरची सगळी शिडं ओल्या टॉवेलसारखी लोंबत. घड्याळजी वल्ही मारत बसत आणि शेजारून कंपाउंडर फटफट करत निघून जाई. मागे तो हँडल धरून, पुढे त्याची बायको मांडीवर थर्मास घेऊन. शिवाय जाताना हात हलवायचा. आपल्याला राग इंजिनाचा येतो की थर्मासचा, हे घड्याळजींनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. त्यांची बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. होडीतली पुढची फळी तेव्हापासून रिकामीच होती.

"दोन," ते म्हणाले.

"मग सहाचं न्या."

सहाचं इंजिन चांगलंच जड निघालं. ते मागे, हँडल मागे, म्हणून घड्याळजीही मागे. दुसऱ्या दिवशी वारा पडला, कंपाउंडर शेजारी आला आणि घड्याळजींनी ऐटीत हँडल पिळलं. होडीचं पुढचं टोक जे वर गेलं ते वरच राहिलं. समोर नुसतं आकाश. कुठं चाललोय ते दिसेना, त्यात मागून पाणी आत यायला लागलं. धक्का सापडला, तो धडकूनच.

धक्क्यावर सगळे सल्ले द्यायला लागले. कोणी म्हणालं पुढे दगड ठेवा, कोणी म्हणालं पाण्याचे कॅन. घड्याळजींनी कॅन ठेवले. पहिल्याच वळणावर ते घरंगळत मागे आले आणि त्यांच्या पायाशी येऊन बसले.

शेवटी कंपाउंडरची बायकोच म्हणाली, "थांबा भावोजी, मी बसते पुढे. बघू तरी."

होडी सपाट झाली, आणि पळालीच. वहिनी पुढून सुनावत होत्या, "डावीकडे घ्या. अहो डावीकडे, लक्ष कुठंय?" दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ओरडत होतं. घड्याळजींनी मुकाट्याने डावीकडे घेतलं. कंपाउंडरच्या शेजारून जाताना वहिनींनी हात हलवला. कंपाउंडरने हलवला नाही. पुढचं वजन गेल्यामुळे त्याचीही होडी नाक वर करून चालली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी आपण होऊन घड्याळजींच्या होडीत बसल्या. म्हणे, सहाचं लवकर पोचवतं, घरी कामं पडलेली असतात. तिसऱ्या दिवशी थर्मासही आला. चहा गोड होता. पण मागे वळून पाहिलं की कंपाउंडर एकटाच येताना दिसे, आणि त्याचा चेहरा घड्याळजींना फार ओळखीचा वाटे. रोज दाढी करताना आरशात दिसायचा तोच.

चौथ्या दिवशी सकाळी ते इंजिनवाल्याकडे गेले. कंपाउंडर तिथं आधीच उभा होता. त्याला आठचं इंजिन हवं होतं.

"होडीत माणसं किती?" इंजिनवाल्याने विचारलं.

कंपाउंडर अडला. मग म्हणाला, "सध्या एकच."

घड्याळजी पुढे झाले. "आठबिठ काही नको. माझं सहाचं यांना लावा, यांचं चारचं मला. यांच्या होडीत दोघं असतात."

"आणि तुमच्या? तुम्हीच दोन सांगितली होती ना?"

"चुकून सांगितली," घड्याळजी म्हणाले. "एकच आहे."

त्या संध्याकाळी वारा पडला आणि कंपाउंडर सहाच्या जोरावर पुढे निघाला, पुढच्या फळीवर बायको घेऊन. घड्याळजी मागून सावकाश फटफटत होते. नाक अजून जरासं वरच होतं. कंपाउंडरने वेग कमी केला, होडी जवळ आणली. वहिनींनी वाकून थर्मास त्यांच्याकडे दिला.

"हा पुढच्या फळीवर ठेवा, भावोजी. तेवढंच वजन."

घड्याळजींनी ठेवला. नाक तसूभरही खाली आलं नाही.

"आता होडी बसली बघा बरोबर," ते म्हणाले.

कंपाउंडर थर्मासकडे बघत होता. त्यात त्याच्याही वाट्याचा चहा होता.