पवारसर आणि तीन पाट

सांगलीकडच्या आमच्या मेडिकल कॉलेजात पवारसर शवविच्छेदन शिकवत. टेबलावर नवा देह आला, की हाताचा धडा असो की पायाचा, सरांना घाई मूत्रपिंडाची. आमचे विभागप्रमुख कपाळाला हात लावत.

"मोजा रं, पाट किती हायत?" मूत्रपिंडाला रक्त नेणाऱ्या धमनीला ते पाट म्हणत. घर कोरेगावचं, पाटाच्या पाण्यावर वाढणाऱ्या उसाच्या रानातलं. पुस्तकात प्रत्येक मूत्रपिंडाला धमनी एकच. कुठे दोन निघाल्या की मुलं हरखत. सर मात्र "दोन लय जणांत असत्यात" म्हणत हात धुवायला जात. त्यांना दोन्हीकडे तीन-तीन हव्या होत्या. आम्ही सगळे त्यावरून त्यांची फिरकी घ्यायचो.

एकदा चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. थोरल्या बहिणीची, अक्काची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मूत्रपिंड बसवणं तेव्हा नवलाचंच. आपलं एक द्यायला सर तिला घेऊन दक्षिणेतल्या मोठ्या इस्पितळात गेले. रक्त जुळलं. मग सरांच्या धमन्यांचा फोटो निघाला, दोन्हीकडे तीन-तीन. इतक्या बारीक धमन्या जोडणं धोक्याचं, म्हणून डॉक्टर नाही म्हणाले.

"जास्तीचं हाय म्हणून देता येईना," सर म्हणाले.

अक्का गेली. तेराव्याला दाजींनी, म्हणजे तिच्या मालकांनी, चारचौघांत सुनावलं की मेहुणा ऐनवेळी भ्याला. सरांनी फोटो पुढे केला, तर "काळ्या कागदावरचं मला काय कळतंय?" म्हणून त्यांनी तो परत केला. तेव्हापासून सरांना ते दार बंद होतं. ऐकून माझा चहा तसाच राहिला.

पुढे पावसाळा सरता सरता एका बेवारस म्हाताऱ्याच्या देहात दोन्हीकडे तीन-तीन पाट सापडले. सरांनी लगोलग कोरेगावला निरोप धाडला. दाजी आले, चपला बाहेर काढून आत आले. सरांनी चिमट्यानं एकेक धमनी उचलून दाखवली.

"दाजी, माझ्यात असंच हाय."

दाजी कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग फेटा काढून त्यांनी म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

"कोण कुठला, पर माज्यापुढं तुमची साक्ष दिली त्यानं," ते म्हणाले. आणि सरांकडे न बघताच, "पाव्हणं, पोरी इचारत्यात, मामा दिवाळीला का येत न्हाई. काय सांगू त्यास्नी?"

"सांगा, येतोय म्हणून."

चिमटा ठेवून सर हात धुवायला गेले. खिडकी उघडायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली.