शंकारावांनी सुधारलेला सिग्नल

काल संध्याकाळी पाच वाजता शंकारावांचा सिग्नल गुणी बाळासारखा वागत होता. आज मंगळवारी सकाळी नऊला पडद्यावर बघावं, तर प्रत्येक लाटेचा माथा कात्रीनं छाटल्यासारखा सपाट. मधल्या वेळात लॅबला कुलूप होतं. किल्ल्या दोनच. एक शंकारावांकडे, दुसरी टेक्निशियनकाकांकडे. आणि काका तीन आठवड्यांची रजा संपवून नेमके आजच कामावर आले होते. शंकारावांनी स्वतःला ताबडतोब निर्दोष सोडलं. मग उरलं कोण, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

शंकाराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण जिन्यात मागून कुणी यायला लागलं, की थांबून त्याला आधी पुढं जाऊ देणाऱ्या माणसाला ऑफिसनं दुसरं काय नाव ठेवावं? कंपनी ऑप्टिकल रिसीव्हर बनवायची. फायबरच्या काचेतून येणारा प्रकाश पकडून त्याचा पुन्हा विजेचा सिग्नल करणारी ही डबी. सिग्नल मात्र तिच्यातून वेडावाकडा होऊन बाहेर पडायचा. तीन आठवडे घाम गाळून, सर्किटमध्ये चार नवे भाग बसवून, शंकारावांनी त्याला ताळ्यावर आणलं होतं. शुक्रवारी ग्राहकासमोर चाचणी होती. ती पार पडली की शंकाराव विभागप्रमुख. ही बातमी बायकोनं माहेरी आधीच पोचवली होती, त्यामुळे माघारीची वाट बंद होती.

"काका, सर्किटला हात लावलात?"

"सर्किटला? नाही बुवा."

त्या 'सर्किटला?'मध्ये शंकारावांना फार काही दिसलं. दिवसभर ते खटपट करत राहिले. फायबर काढ, घाल, पुन्हा काढ. संध्याकाळी लाट आपोआप सुरेख झाली, आणि संशय दुप्पट.

घरी जाऊन त्यांनी बायकोकडे नेलपेंट मागितलं.

"अहो, तुम्हाला कशाला?"

"सर्किटवर फिरवायचे स्क्रू असतात. त्यांच्यावर एकेक थेंब टाकून ठेवतो. कुणी फिरवला की रंगाला तडा जातो."

"कोण फिरवणार?"

"काका."

"ते? दोन वर्षांनी निवृत्त होणारा माणूस तुमचे स्क्रू कशाला फिरवत बसेल?"

"तेच तर शोधायचंय."

"मग ही घट्ट झालेली बाटली न्या. चांगली देणार नाही. आणि शुक्रवारी काही फिसकटलं, तर आईला फोन तुम्ही करायचा."

बुधवारी थेंब पडले. गुरुवारी सकाळी एकाही थेंबाला तडा नव्हता, पण लाट मात्र पुन्हा छाटलेली. दुसऱ्या एखाद्यानं काकांची मनोमन माफी मागितली असती. शंकारावांनी निष्कर्ष काढला, की काकूंकडेही याच रंगाची बाटली असणार.

शुक्रवारी ते सकाळी आठलाच येऊन लॅबमधल्या कपाटामागं उभे राहिले. सव्वाआठला काका आले. दिवा लावला, चष्मा पुसला, रिसीव्हरजवळ गेले आणि हलकेच फायबर बाहेर काढली.

"सापडलात!"

काका दचकले नाहीत. "साहेब, बाहेर या. तिथं झुरळं आहेत."

"काय करत होता?"

"फायबरचं टोक स्पिरिटनं पुसतोय. बत्तीस वर्षं रोज सकाळी पुसतो. उलट मीच विचारणार होतो, हे रोज एवढं माखतं कसं? डायरेक्टर मॅडमकडं लेखी तक्रार दिलीय मी. कुणीतरी मुद्दाम करतंय म्हणून."

"मी तर उलट दर वेळी पुसूनच लावतो."

"कशानं पुसता?"

शंकारावांनी शर्टाचं टोक दाखवलं. "मऊ आहे."

काकांनी शर्टाकडं पाहिलं, मग पडद्याकडं. स्वच्छ फायबर आत सरकवली, लाट सपाट. शंकारावांच्या शर्टाला घासून लावली. लाट जरा बरी. आणखी दोनदा घासली, लाट सुरेख. आता दोघांच्याही लक्षात आलं. प्रकाश कमी पडत नव्हता, जास्त होत होता. मोठा घास घशात अडकावा तसं सर्किट गुदमरत होतं, आणि तीन आठवडे मळ साचून घास लहान होत गेला होता.

"मग काका, आज थोडा मळवूनच ठेवू या का?"

"ग्राहक त्यांची फायबर घेऊन येतात, साहेब. त्यांचे शर्ट कसे असतात कुणास ठाऊक."

शंकारावांच्या कानात सासूबाईंच्या फोनची घंटा वाजायला लागली. काकांनी ड्रॉवर उघडून पेराएवढा एक तुकडा काढला. "हा मध्ये लावायचा. प्रकाश मापात येतो." लावला. स्वच्छ फायबर, सुरेख लाट. शंकारावांनी सुटकेचा श्वास सोडला, तोच काका म्हणाले,

"आता ते चार भाग काढून बघू या?"

"कशाला?"

"सहज, शंका म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदाच शंकारावांना शंका नको होती. पण तेवढ्यात मॅडम आत आल्या आणि काकांची सोल्डरिंग गन तापलेली होती. एक, दोन, तीन, चार. तीन आठवडे टेबलावर येऊन पडले. लाट ढिम्म हलली नाही.

मॅडम वाकून बघत राहिल्या. "चार भाग कमी? म्हणजे बिघडायच्या चार जागा कमी. छान!"

चाचणी पार पडली. सोमवारी शंकारावांच्या हातात विभागप्रमुखपदाचं पत्र पडलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, सही दुसऱ्या सहीशी ताडून पाहिली आणि तडक काकांना गाठलं.

"मॅडमना तुम्ही काय सांगितलंत?"

"तुमची शिफारस केली."

"माझी? मी तुमच्यावर पाळत ठेवली, तुमच्या बायकोच्या नेलपेंटवरसुद्धा संशय घेतला!"

"ते मला आत्ताच कळतंय."

"मग का केलीत?"

काकांनी स्पिरिटच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "साहेब, विभागप्रमुखाची केबिन वरच्या मजल्यावर असते. तिथवर एकही फायबर जात नाही."