काकीला गप करायचं नाही

शाळेला शून्य पडल्याचं कळलं तेव्हा सूर्यभान गुरुजी नळावर आपला डबा धूत होते. सहशिक्षिका सुरेखाबाई मोबाईल हातात धरून व्हरांड्यातून जवळजवळ पळतच आल्या.

"गुरुजी, आपल्याला शून्य पडलंय."

"कशात?"

"खेळात. तालुक्याच्या ग्रुपवर आलंय. सगळ्या शाळांचे टक्के आहेत. आपल्यापुढं नुसता भोपळा."

गुरुजींनी डब्याचं झाकण लावलं, मग डबा ओलाच आहे म्हणून परत काढलं. काष्टी गावापासून आत, उसाच्या रानांत उंबरमळ्याची ही दोन शिक्षकांची शाळा. शाळेत एकच टॅब होता, भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेला. त्यावर गुरुजींनी स्वतः खटपट करून पाढ्यांचा खेळ बनवला होता. बैलगाडी घाट चढते. बरोबर उत्तर दाबलं की एक टप्पा वर, चुकलं की घसरून खाली. खेळातून पोरं किती शिकतात ते तालुक्याला बघायचं होतं, म्हणून नेट चालू असलं की खेळाचे गुण टॅबवरून आपोआप तिकडं जात.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्रप्रमुख लगडसाहेब होते.

"गुरुजी, झोपेत बोट ठेवलं तरी पोराची दोन-चार उत्तरं बरोबर येतात. चार पर्याय असतात. तुमच्याकडं एकसुद्धा नाही. हे जमवलं कसं तुम्ही?"

"साहेब, पोरांना पाढे येतात."

"येतात ना, मग टॅबला का सांगत नाहीत? उद्या येतो मी. तो खेळ पुसून टाकू आणि तालुक्याचं ॲप घालू. टॅब घेऊनच जातो."

गुरुजींनी फोन ठेवला. नळ चालूच होता. सुरेखाबाईंनी तो बंद केला. टॅब पुसला तर काय जाणार आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

खेळात आवाज होता तो विजयमालाचा, गुरुजींच्या बायकोचा. चुकलेल्या उत्तराला मशीनचं बोलणं नको, घरातल्या माणसासारखं कुणीतरी बोलावं, असं तिनंच सुचवलं आणि स्वैपाकघरात बसून सगळं टॅबवरच बोलून टाकलं. ते आणखी कुठं जपून ठेवावं लागतं, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नाही. चुकलेल्याचं उरकल्यावर ती म्हणाली होती, "रागवायचं मला जमतं. शाबासकीचं पुढच्या रविवारी करू, जरा घसा बरा हुंद्या." घसा बरा झाला नाही. नगरला दवाखान्यात नेलं, आणि तिथून गुरुजी एकटेच परत आले. बरोबर उत्तराला तेव्हापासून नुसतं टिंग वाजत होतं.

गुरुजी वर्गात गेले.

"ज्ञानेश्वरी, सात आठे?"

"छप्पन्न."

"पार्थ, तेरा सक्कं?"

"अठ्ठ्याहत्तर. उलटा म्हनू का गुरुजी?"

"नको. संस्कृती, नऊ साते?"

संस्कृती त्रेसष्ट म्हणाली आणि वर चौदाचा पाढा फुकट म्हणून दाखवायला लागली. गुरुजींनी तिला थांबवून टीव्ही लावला आणि टॅब ज्ञानेश्वरीच्या हातात दिला. सात आठे किती, असा प्रश्न आला. ज्ञानेश्वरीनं जरासुद्धा न अडखळता चोपन्न दाबलं.

गाडी घसरली आणि विजयमाला बोलली, "आगं माझे बाय, चोपन्न? ह्या हिशोबानं तू सैपाक केलास तर निम्मी पंगत उपाशी उठंल."

वर्ग खदखदून हसला. पुढं पार्थचा नंबर. त्याचंही उत्तर चुकलं.

"आरं, तुला काष्टीच्या बाजाराला म्हस आनायला धाडलं तर शेळी घिऊन येशील, आन् वर म्हनशील लहानपनीच बरी दिसती."

पोरं बाकं बडवायला लागली. गुरुजींनी टीव्ही बंद केला.

"आत्ता तोंडानं छप्पन्न म्हणालीस ना गं? मग चोपन्न का दाबलंस?"

ज्ञानेश्वरीनं पायानं फरशी उकरली. "गुरुजी, बरुबर दाबलं की काकी गप बसत्यात. नुसतं टिंग वाजतं."

"आणि परवा गुण जायचे होते तेव्हा?"

"तवा तर एकाला एकच डाव हुता," पार्थ म्हणाला. "मंग आमी ठरवलं, कुनी काकीला गप करायचं न्हाई. रामचं बोट बरुबर उत्तरावर चाललं हुतं, संस्कृतीनं त्याचा हात धरला."

"माजं चुकून चाललं हुतं," राम म्हणाला. "मुद्दाम न्हाई."

आवाज सारखा येतोय म्हणजे पोरं सारखी चुकतायत, एवढं गणित गुरुजींच्या ध्यानात यायला हवं होतं. पण खेळ लावून दिला की ते बाहेर व्हरांड्यात जाऊन कडुनिंबाला पाणी घालत आणि तिथूनच ऐकत. आवाज थांबावा असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं. कडुनिंब मात्र त्यामुळं जोमानं वाढला होता.

"उद्या साहेब येणार आहेत," ते म्हणाले. "उद्या सगळ्यांनी बरोबर दाबायचं. नाही दाबलं तर काकी कायमच्या गप होतील. टॅब घेऊन जाणार आहेत."

मग संस्कृतीनं विचारलं, "पन बरुबरला कुनीतरी शाब्बास म्हनाया नको का?"

सुरेखाबाईंना हे पटलं. त्यांनी लगेच टॅब तोंडापाशी धरला आणि आकाशवाणीच्या आवाजात बोलल्या, "अभिनंदन, बाळांनो. आपले उत्तर अचूक आहे." पोरांनी ते एकदा ऐकलं. चुकायला त्यांना आणखी एक कारण मिळालं. बाईंनी ते मुकाट्यानं काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लगडसाहेब आले. चहा नको म्हणाले, टीव्हीसमोर खुर्ची मांडून बसले. पोरं एकेक करून पुढं आली. टिंग. टिंग. टिंग. कुणी हसेना, कुणी बोलेना. दहावीच्या परीक्षेला बसवल्यासारखी तोंडं करून पोरं उत्तरं दाबत होती. बैलगाडी एकदाही न घसरता घाटमाथ्यावर पोचली. ती तिथं पोचल्यावर झेंडा फडकतो, हे पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेबांनी चष्मा काढला. "परवा शून्य, आणि आज पैकीच्या पैकी. गुरुजी, मी एवढ्यावर खूष होऊन जाईन असं वाटलं का तुम्हाला? आधी खेळ बिघडलेला होता, आता उत्तरं पाठ करून घेतलीत."

"साहेब, परवा पोरांनी मुद्दाम चुकवली."

"सगळी?"

"सगळी."

"चुकायला काय अभ्यास लागतो होय?"

"लागतो की," ज्ञानेश्वरी मागनं म्हणाली. "चुकून एकबी बरुबर येऊ न्हाई म्हंजी बरुबर कंचं ते आदी ठावं पायजे."

साहेबांनी टॅब स्वतःच्या मांडीवर ओढला. "बघू तरी काय आहे ह्यात." पहिलाच प्रश्न आला, सतरा नव्वे. साहेबांचं बोट हवेत फिरलं. वर्गातली सगळी पोरं ओठ घट्ट मिटून बसली. साहेबांनी एकशे त्रेचाळीस दाबलं.

"हां, आन् हे उत्तर काय बांधावर उगवलं हुतं व्हय?" विजयमाला म्हणाली.

साहेब दचकले. घाईघाईत त्यांनी पुढचं दाबलं. तेही चुकलं. ते आठाच्या पाढ्याचं होतं. रेकॉर्डिंग करताना त्या पाढ्यावर विजयमाला रागवायला लागली होती आणि मधेच गॅसवरच्या शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. ते तसंच राहिलं होतं.

"आरं येड्या, आठाचा पाढा म्हंजी... आवो, कुकर बंद करा. आवो, ऐकताय का?"

"गुरुजी, कुकर बंद करा," अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

गुरुजींचा हात गॅसचं बटण फिरवायला भिंतीकडं गेला आणि टीव्हीच्या बटणापाशी थांबला. बाहेर व्हरांड्यातही तो असाच जात असे. फक्त आज तो साहेबांनी पाहिला.

"कोण आहेत ह्या?" साहेबांनी विचारलं.

"आमची मंडळी."

"बोलवा की त्यांना शाळेत. जबरी बोलतात."

सुरेखाबाई हळूच म्हणाल्या, "त्या गेल्या, साहेब. होळीच्या आधी."

साहेबांनी टॅबकडं बघितलं. "मला पाढ्यावरून लहानपणी नुसता मार बसला," ते म्हणाले. "बोललं कुणीच नाही." आणि त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. पाच दुणे किती. साहेबांनी शांतपणे बारा दाबलं.

त्यानंतर चहा आला, गार झाला, पुन्हा आला. साहेब एकेक प्रश्न घेत होते. पोरं त्यांच्या खुर्चीभोवती गोळा होऊन सांगत होती, "साहेब, अकराचा घ्या, त्याच्यात लाटनं हाय. न्हाई न्हाई, आदी नवाचा." सगळा डाव संपला तेव्हा गाडी घाटाच्या पार खाली होती आणि साहेब डोळे पुसत होते. हसून, असं ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तालुक्याहून होता. नेट चालूच होतं, शाळेचा शेवटचा डाव आपोआप तिकडं गेला होता. खेळणारा पोरगा आहे का साहेब, हे टॅबला कुठलं कळायला?

"लगड, तुम्ही स्वतः तिथं बसलायत आणि त्या शाळेला पुन्हा शून्य?" फोनमधला आवाज सगळ्या वर्गाला ऐकू येत होता.

"नाही साहेब, पोरं हुशार आहेत. मी तपासलंय. खेळाचा चांगलाच उपयोग होतोय."

"मग हे शून्य कुणाचं?"

लगडसाहेबांनी वर्गाकडं बघितलं. ज्ञानेश्वरी छताकडं बघत होती. पार्थनं तोंडावर हात ठेवला होता.

"टॅबचं, साहेब," लगडसाहेब म्हणाले. "त्यात जरा दोष आहे. तो कळेपर्यंत मी टॅब इथंच ठेवतोय. मलाच यावं लागेल अधूनमधून."

ते गेल्यावर पोरांनी गुरुजींशी करार केला. पहिला डाव तालुक्यासाठी, तो बरोबर. गुण गेले की नेट बंद आणि दुसरा डाव काकीसाठी. सुरेखाबाईंच्या मुलानं घरून येऊन सगळा आवाज टॅबमधून काढून गुरुजींच्या मोबाईलमध्येही घालून दिला. गुरुजींनी घरी तो अजून लावलेला नाही. खेळ सुरू असताना मात्र ते आता व्हरांड्यात जात नाहीत. आतच बसतात आणि कुकर बंद करा म्हटलं की पोरांच्या आधी उठतात.

बरोबर उत्तराला अजून नुसतं टिंग वाजतं. शाबासकीचं रेकॉर्डिंग करायचं राहिलं आहे.