चपलेची माती आणि कुलथे सर

आमच्या शेजारच्या कुलथे सरांकडे गेलात, तर तुम्हाला पाणी मिळायच्या आधी तुमची चप्पल आत जाते. सर चमच्याने तळाची माती खरवडतात, पुडी बांधतात आणि विचारतात, "कुठली?" घोटीची म्हणालात तर पुडीवर घोटी. एका लग्नात चपलांच्या ढिगात चमचा घेऊन बसले होते. वऱ्हाडाने चपलाचोर म्हणून धरलं. सर मार खाताखाता म्हणाले, "मला चप्पल नको, माती हवी." त्यावर दोन जास्त बसल्या.

सर कॉलेजात जंतू शिकवायचे. मी चौथी पास, शेवंती लावणारा. त्यांचं म्हणणं असं, की जंतूजवळ एक मूळ वही असते. तिच्यावरून कामापुरत्या चिठ्ठ्या उतरवून घ्यायचं यंत्र त्याच्या पोटात असतं. चिठ्ठी नाही तर काम नाही. मातीतले काही जंतू असं विष सोडतात, की ते दुसऱ्याच्या त्या यंत्रात बुचासारखं बसतं.

मी म्हणालो, "म्हंजे तलाठ्याच्या तोंडात बोळा. दप्तर शाबूत, पण उतारा नाय. गाव ठप्प."

सरांनी माझे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत एकाही पोराला एवढं कळलं नव्हतं म्हणे.

त्या विषापायी त्यांच्या फ्रिजात भाजीला जागा नाही, नुसत्या काचेच्या बशा. मातीतला जंतू मधे ठेवायचा. त्याच्याभोवती दुसरे जंतू वाढले नाहीत, मोकळा गोल पडला, की विष आहे. त्याच विषाचं पुढे तापावर औषध होतं म्हणे. सगळी गल्ली हसायची. आमची बायको इंदू तेवढी हसली नाही. वणीला माहेरी जाऊन आली, की चप्पल न झटकता आधी सरांच्या दारात.

गेल्या साली ती तापाने गेली. जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाही, असं दवाखान्यात म्हणाले. परवा ते डोक्यात आलं आणि मी तडक सरांकडे गेलो. म्हणालो, "एवढ्या बशा भरल्या. तिच्या वेळेला एक कामाला आली नाय."

सर उठले, फ्रिजातून एक बशी काढली. झाकणावर लिहिलं होतं, इंदूवहिनी, वणी.

"हिच्यात गोल कुठंय?"

"नाही. हिच्यात विष नाही. काही उपयोगाचा नाही हा जंतू."

"मग टाका की."

"नव्या बशीत घेतला नाही तर मरतो तो. म्हणून दर गुरुवारी घेतो." सर चष्मा पुसायला लागले. "वहिनींनी आणलेलं टाकवत नाही, आबा."

मी बशी उजेडाला धरली. बारीक पांढरे ठिपके होते. जिवंत.

"आज वार कुठला?" मी विचारलं.

"बुधवार."

"उद्या येतो. कसं करायचं ते दाखवा मला."